कवडूच्या हातची

सिहोऱ्याची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भाऊबीजेनंतरच्या शुक्रवारी भरायची, आणि त्या दिवशी कवडूच्या घरी जेवढे पाहुणे उतरायचे तेवढे गावात दुसऱ्या कोणाकडे उतरत नसत. यात कवडूच्या गोड स्वभावाचा काही संबंध नव्हता. तो तसा कमी बोलणारा, थोडा तिरसटच माणूस. पाहुणे यायचे ते त्याच्या हातच्या मोहफुलाच्या दारूसाठी. पहिल्या धारेची, पाण्यासारखी नितळ आणि दुसऱ्या दिवशी डोकं न धरणारी अशी दारू आख्ख्या तुमसर तालुक्यात कोणी काढत नाही, असं पाहुणे सांगत. पाहुणे फुकटची पीत असल्यामुळे त्यांचं मत जरा बाजूला ठेवलं, तरी ते खोटं नव्हतं. त्याचा साडू धनीराम तर लाखांदूरकडच्या दिघोरीहून तीन एसट्या बदलून यायचा. नुसतं मेव्हणीची खुशाली विचारायला एवढ्या लांबून कोणी येत नाही.

अठ्ठ्याहत्तर साली मात्र पंचाईत होती. कवडूनं दारू सोडली होती, काढायची आणि प्यायची, दोन्ही.

झालं होतं असं, की मागच्या पौषात त्याची बायको रुखमा पाच वर्षांच्या बेबीला घेऊन माहेरी निघून गेली. भांडण नाही, रडारड नाही. पत्र्याच्या पेटीत दोघींचे कपडे भरले आणि दहाच्या एसटीत बसली. कवडू पहिले पंधरा दिवस रागात होता, पुढचा महिना पिण्यात गेला. मग एका सकाळी त्यानं भट्टीचं सगळं सामान शेतात नेऊन फोडलं आणि सासुरवाडीला गेला. रुखमा परत आली, पण येण्याआधी बापासमोर एकच सांगून आली. घरात पुन्हा तो वास आला तर मी जाईन, आणि मग घ्यायला येऊ नका. भाजीत मीठ किती घालायचं हे सांगावं तितक्या सहज ती बोलली. ती आरडाओरडा करती तर कवडूला थोडी आशा तरी वाटली असती.

तेव्हापासून आठ महिने त्यानं थेंब घेतला नव्हता. त्याला त्याचा त्रास झाला, पण तो त्यानं कोणाला सांगितला नाही. आणि दिवाळीच्या तोंडावर धनीरामचं कार्ड आलं. मंडईला येत आहे, सोबत भय्याजीमामा आहेत, तयारी ठेवावी. तयारी म्हणजे काय ते पोस्टमनलासुद्धा ठाऊक होतं.

रुखमा म्हणाली, चहा द्या, चिवडा द्या, माणसं आहेत, समजून घेतील. कवडूला ते पटेना. चहा हा तलाठ्याला द्यायचा. मंडईच्या पाहुण्यासमोर चहाची कपबशी ठेवली तर पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात लोक त्या कपबशीची आठवण काढून हसतील, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. पाहुण्याच्या हातात ग्लास पाहिजे, ग्लास काठोकाठ भरलेला पाहिजे आणि घोट घेतला की जिभेला काहीतरी कळलं पाहिजे. दारू नको, पण हे सगळं हवं, असा त्याचा हिशेब होता.

उत्तर त्याला भंडाऱ्यात सापडलं. पितळेचे ग्लास घ्यायला तो गेला होता आणि परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून स्टँडसमोरच्या शरबतच्या दुकानात शिरला. दुकानदारानं ग्लासात संत्र्याचा रस घेतला, साखरेचा पाक आणि चिमूटभर काळं मीठ घातलं आणि वरून गोटीवाल्या बाटलीतला सोडा सोडला. ग्लास फसफसून काठापर्यंत आला. कवडूनं घोट घेतला आणि त्याच्या नाकात झिणझिण्या आल्या. त्यानं आणखी एक ग्लास मागवला आणि तो पीत दुकानदाराचा हात नीट पाहून घेतला. येताना टोपलीभर संत्री घेऊन आला.

आता राहिला सोडा. सिहोऱ्यात सोड्याची गाडी एकट्या इश्वरची. इश्वर म्हणाला, मंडईच्या दिवशी बाटली गाडीपासून हातभर लांब जाणार नाही. लोक बाटली नेतात आणि पोरं गोटीसाठी ती फोडतात, याचा त्याला जुना अनुभव होता. प्यायचा तर इथं येऊन प्या, घरी मिळणार नाही. कवडूनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायला त्याचा मान आडवा आला.

आणि इथं त्याच्यातला जुना कारागीर जागा झाला. मोहफूल भिजत घातलं की दुसऱ्या दिवशी ते बोलायला लागतं, म्हणजे बुडबुडे सोडतं. तेव्हा त्याला नुसती आंबटगोड टोच असते, चढण्यासारखं काही नसतं. नशा येते ती नंतर. मग संत्र्याचा रस साखर घालून तसाच ठेवला आणि बरोब्बर बोलायला लागला तेव्हा उचलला, तर इश्वरच्या सोड्याची गरज काय? कुठं थांबायचं हे वीस वर्षं मडक्यांना कान लावलेल्या माणसाला कळणार नाही तर कोणाला कळणार? दारू सोडलेल्या माणसानं असा विचार करू नये, हे त्याला सुचलंच नाही. हातात कसब असलं की माणसाला असं होतं.

बुधवारी संध्याकाळी त्यानं अर्ध्या संत्र्यांचा रस काढला. बी चिरडली तर रस कडू होतो म्हणून एकेक फोड सोलून काढला. फोडाफोडीतून एक मडकं वाचलं होतं, कारण तेव्हा त्यात तुरीचं बियाणं होतं. तेच त्यानं राखेनं घासलं, उकळत्या पाण्यानं तीनदा धुतलं आणि रस त्यात भरून कोठीच्या खोलीत ठेवला. रुखमानं विचारलं तेव्हा रस मुरत ठेवला आहे, एवढंच म्हणाला. ते खोटं नव्हतं आणि पुरतं खरंही नव्हतं. गुरुवारी रात्री त्यानं कान लावला तेव्हा मडकं जेमतेम बोलत होतं, म्हणून त्यानं ते सकाळपर्यंत राहू दिलं.

शुक्रवारी सकाळी तो गावच्या बोडीत, लहान तळ्यात, बैल धुऊन परत आला आणि दारातच थांबला. वास ओसरीपर्यंत आला होता. मडकं राखेनं आणि पाण्यानं वरून धुतलं गेलं होतं, पण त्याच्या मातीत वीस वर्षांचं आंबवण मुरलेलं होतं, आणि त्यानं चार दिवसांचं काम दीड दिवसात उरकलं होतं. कवडू कोठीच्या खोलीत गेला. रुखमा तिथं उभी होती. तिनं फडकं काढलेलं होतं.

कवडूनं वाकून वास घेतला. चाखायची गरज नव्हती. नशा आली होती, आणि खरं सांगायचं तर वास फार छान येत होता. मोहाला तसला वास कधी आला नव्हता. पाहुण्यांनी डोक्यावर घेऊन नाचावं असा माल तयार झाला होता. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याला स्वतःची किळस वाटली.

"मडकं तेच आहे ना?" रुखमानं विचारलं.

"तेच आहे. पण मी दारूसाठी नव्हता ठेवला. फसफस यावी म्हणून ठेवला. चुकलो मी."

"मंडई होऊन जाऊ द्या," ती म्हणाली. "पाहुणे जाऊ द्या. मंग पाहू."

ती आत गेली. थोड्या वेळानं माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली ओढल्याचा आवाज आला.

कवडूनं मडकं खांद्यावर घेतलं आणि सरळ उकिरड्याकडे निघाला. गल्लीत शेजारचे केशवराव दात घासत उभे होते. त्यांनी वास घेतला, मडक्याकडे पाहिलं आणि पोटच्या पोराला पाण्यात लोटताना पाहावं तशा चेहऱ्यानं म्हणाले की कवडू, अरे निदान मला तरी विचारायचं. कवडूनं मडकं उपडं केलं, मग ते दगडावर आपटून फोडलं आणि खापऱ्या पायानं शेणात दाबल्या. केशवराव बराच वेळ तिथंच उभे राहिले.

मग कवडू इश्वरकडे गेला. आता मानाचा प्रश्न उरला नव्हता. बाटली गाडीपासून लांब जात नाही ना, मग गाडीच माझ्या अंगणात आण, असं त्यानं सांगितलं. तासभर थांब, तुझ्या हातानं उघड, तुझ्या हातानं मोजून घेऊन जा. इश्वरनं विचार केला. गाडी मंडईत न्यायला कवडूच्या घरावरूनच वाट होती, आणि कवडूला असं विनवताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो बरं म्हणाला.

उरलेली संत्री कवडूनं ओसरीवर, सगळ्यांच्या देखत सोलली. बेबी बिया वेचायला बसली. रुखमा आतबाहेर करत होती, पण त्याच्याकडे पाहत नव्हती. तिला काही सांगावं असं त्याला दोनतीनदा वाटलं. सांगण्यासारखं जे होतं ते सकाळीच सांगून झालं होतं.

अकराच्या एसटीनं पाहुणे आले. धनीराम, म्हातारे भय्याजीमामा आणि वाटेत भेटले म्हणून आणखी चौघं. अंगणात सोड्याची गाडी उभी पाहून धनीरामचा चेहरा उजळला. सोडा आहे म्हणजे त्यात घालायचं तेही आहेच, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. यंदा कवडूनं सोड्याचीसुद्धा सोय केली, असं तो बाकीच्यांना म्हणाला आणि सतरंजीवर मांडी ठोकून बसला.

पितळेचे नवे ग्लास रांगेनं लागले. कवडूनं रस ओतला, पाक घातला, काळं मीठ घातलं. इश्वरनं बाटलीत गोटी दाबली, फट्ट आवाज झाला आणि पहिला ग्लास फेसानं वर आला. बेबी टाळ्या पिटायला लागली. भय्याजीमामांनी ग्लास घेतला, सवयीप्रमाणे बोट बुडवून तीन थेंब जमिनीवर पितरांना शिंपडले आणि डोळे मिटून घोट घेतला. धनीरामनं अर्धा ग्लास एका दमात संपवला. टोच त्याच्या नाकात गेली, डोळ्यांत पाणी आलं. त्यानं मान हलवली.

"कवडूभाऊ," तो म्हणाला, "हात नाही गेला तुमचा."

कवडूनं सांगितलं की यात काही नाही, संत्री आहेत आणि सोडा आहे. सगळे हसले. त्यानं पुन्हा सांगितलं. धनीराम म्हणाला की बाहेर असंच सांगायचं असतं, आम्हाला कळतं. दुसऱ्या ग्लासाला एकानं दिघोरीच्या दंडारीतलं, तिकडच्या लोकनाट्यातलं, गाणं सुरू केलं. तिसऱ्याला धनीरामची जीभ जड झाली, तो मामांच्या खांद्यावर रेलला आणि आपल्याला जरा जास्तच झाली असं कबूल करू लागला. इश्वर गाडीला टेकून हे सगळं पाहत होता. नुसत्या सोड्यावर माणूस एवढा झिंगतो हे त्यानंही पहिल्यांदाच पाहिलं.

कवडूला हसू येत नव्हतं. हात नाही गेला, हे धनीराम दर पाच मिनिटांनी ओरडून सांगत होता आणि स्वयंपाकघराच्या दारात रुखमा उभी होती. तिनं ते प्रत्येक वेळी ऐकलं. तिच्या मागं, आतल्या भिंतीशी, पत्र्याची पेटी दिसत होती. आठ महिने त्यानं जे राखलं होतं ते हा माणूस कौतुक करून करून उधळत होता, आणि त्याचं तोंड धरता येत नव्हतं, कारण तो पाहुणा होता. आता या घरात खरं बोलणारा एक मीच आहे आणि मलाच कोणी खरं मानणार नाही, असं कवडूला वाटलं. त्याला फार एकटं वाटलं.

रुखमा दारातून निघाली आणि अंगणात आली. गाणं थांबलं. तिनं रांगेतला एक भरलेला ग्लास उचलला. कवडू तिच्याकडे पाहत होता. आता ती नाकाशी नेऊन वास घेईल असं त्याला वाटलं, आणि तिनं घेतला असता तर त्याला राग आला नसता. तिनं वास घेतला नाही. तिनं बेबीला जवळ बोलावलं आणि ग्लास तिच्या दोन्ही हातांत दिला.

धनीराम रेलला होता तो ताठ बसला. "बाई, लेकराले कायले देऊन राहिल्या?" तो म्हणाला. "लहान आहे ते."

"पी," रुखमा बेबीला म्हणाली.

बेबीनं ग्लास तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही. ग्लास रिकामा झाला तशी तिला मोठ्ठी ढेकर आली, ती नाकातून आली, आणि तिनं नाक चोळत आणखी मागितलं. धनीरामनं आपल्या ग्लासात पाहिलं. मग मामांकडे पाहिलं. मामांनी पितरांना जिथं थेंब शिंपडले होते तिथं पाहिलं. धनीरामची जीभ मोकळी झाली होती, खांदे सरळ झाले होते, आणि चेहरा एवढा पडला होता की बघणाऱ्याला दया यावी.

रुखमानं आपला रोजचा पाण्याचा ग्लास आतून आणला आणि कवडूसमोर धरला. लग्नाला दहा वर्षं झाली होती. या अंगणात त्यानं शेकडो ग्लास भरले होते, पण त्याच्या हातचं काही तिनं कधी मागितलं नव्हतं.

"मले बी द्या," ती म्हणाली. "मडकं फोडताना दिसले तुमी मले. सोडा जरा जास्त टाका."

इश्वरनं गोटी दाबली. कवडूनं ओतायला घेतलं. वीस वर्षांत त्याच्या हातून कधी थेंब बाहेर पडला नव्हता, असं पाहुणे सांगत. अर्ध्याहून जास्त रस रुखमाच्या पायावर सांडला.