शेवटचा फर्मा

बारकी माझ्या दारात आली तेव्हा तिचे दोन दात हलत होते आणि तिसरा रुमालाच्या गाठीत होता. मी तिला आत घेतलं, कडी लावली आणि शिव्या द्यायला सुरुवात केली. शिव्या तिच्या नवऱ्याला होत्या, पण तो समोर नव्हता, त्यामुळे ऐकाव्या लागल्या तिलाच.

धाकट्या बहिणीचा हा नवरा केमिस्ट. चौकात औषधांचं दुकान, पांढराशुभ्र शर्ट, जिभेवर साखर. ‘काका, ही गोळी जेवणानंतर घ्या बरं का,’ असं म्हाताऱ्यांना दहादा समजावणारा. घरी मारायचा तोच आणि मग मलम घेऊन यायचाही तोच. सात वर्षं बारकी मला सांगत होती की ती बाथरूममध्ये घसरली. तुझं घर आहे की घसरगुंडी, असं मी विचारायचे आणि ती हसायची. मी तेव्हाच उठून जायला हवं होतं. गेले नाही. त्याचा जेवढा राग येतो, त्याहून जास्त मला स्वतःचा येतो.

मी बाइंडर. छापखान्यामागच्या शेडमध्ये बावीस वर्षं पुस्तकं शिवते आहे. सोळा पानांच्या एका घडीला आम्ही फर्मा म्हणतो. दहा-अकरा फर्मे एकावर एक लावून शिवले की कादंबरी तयार होते. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापतानाच एक जाड काळी खूण येते. पहिल्याची अगदी वर, दुसऱ्याची जरा खाली, तिसऱ्याची आणखी खाली. सगळे बरोबर लागले की पुस्तकाच्या पाठीवर त्या खुणांचा जिना दिसतो. पायरी गळलेली दिसली की समजायचं, फर्मा गळला. जिना तुटला की पुस्तक बाद.

बाद पुस्तकं रद्दीत जायची. एखाद्यात फर्मा नसायचा, एखाद्याची कड तिरकी कापलेली असायची, एखाद्यावर शाई सांडलेली. मी ती घरी आणायचे, पाठीवर जाड कागद चिकटवायचे आणि पलंगाखाली सारायचे. कुठल्यात काय खोट होती याची नोंद मी कधी ठेवली नाही. सगळ्या कादंबऱ्या, आणि त्याही खुनाच्या, सुडाच्या, मारामारीच्या. निवांतपणी वाचू म्हणता म्हणता एकतीस साठल्या, आणि निवांतपणाच्या आधी डोळ्यांत मोतीबिंदू आला. मोठं मोठं दिसतं, छापलेली ओळ मात्र मुंग्यांसारखी पळते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनला अजून काही महिने थांबू. दात होते तेव्हा चणे नव्हते आणि आता उलटं झालं, असं मी बारकीसमोर बोलून गेले आणि लगेच जीभ चावली.

पहिला आठवडा ती बोललीच नाही. ओठ इतका सुजला होता की पाणीसुद्धा चमच्यानं प्यावं लागायचं. सूज उतरल्यावर एका संध्याकाळी ती पलंगाखाली वाकली, वरचं पुस्तक ओढलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. तिसऱ्याच पानावर एका सावकाराचा गळा चिरला गेला. पडलेल्या दातामुळे तिचा प्रत्येक ‘स’ शिट्टीसारखा यायचा, आणि ‘सावकार’ आला की आम्ही दोघी हसायचो. त्या दिवसापासून रोज मी कामावरून आले की वाचन सुरू. पानापानावर रक्त. ते आमचं नव्हतं, म्हणूनच बहुधा इतकं बरं वाटायचं.

पहिल्याच कादंबरीत फर्मा गळलेला निघाला. चौसष्टाव्या पानावर फौजदाराला दोन हात होते, एक्याऐंशीव्यावर एकच.

“मधलं गेलं,” बारकी म्हणाली.

“मग सांग ना, हात कसा गेला.”

तिनं पुस्तक मांडीवर ठेवलं आणि सांगायला लागली. सोळा पानांचा मजकूर तिनं तासभर रंगवला. तो हात उसाच्या चरकात घातला होता, आणि घालणारा माणूस फौजदाराशी अतिशय गोड बोलत होता. ऐकताना मी माझाच हात काखेत दाबून बसले. दुसऱ्या दिवशी मी शेडमधून सोळा कोरी पानं आणली, पुस्तकाची पाठ उसवली, जागेवर कोरा फर्मा शिवला आणि तिला म्हटलं, लिही. तिनं लिहिलं. मग तीच रीत पडली. जिथे फर्मा नसेल तिथे बारकी बोलायची, मी कोरी पानं शिवायची, ती भरायची. तिच्या पानांत कुणी सुखानं मरत नसे. खलनायक कुठलाही असो, तिच्या सोळा पानांत तो आला की मऊ बोलायचा, स्वच्छ कपडे घालायचा आणि शेवटी भयंकर मरायचा. मला वाटलं, बाई बरी होते आहे. आता ही परत जायची नाही. मला दुसरं काही नको होतं.

बावीस कादंबऱ्या संपल्या. मधल्या काळात केमिस्टचे फोन सुरू झाले होते. ती फोन घेऊन गॅलरीत जायची, ‘हो’, ‘बरं’, ‘अहो, नाही’ एवढंच ऐकू यायचं. आत आली की हात थंड असायचे. काय म्हणाला विचारलं तर म्हणायची, माफी मागत होते.

तेविसावी कादंबरी एका बाईची होती. नवऱ्याला सोडून पळालेली, शहर बदललेलं, नाव बदललेलं, आणि तो तिला हुडकत येतोय. पाच संध्याकाळी मी जागची हलले नाही. तो तिच्या खोलीच्या दाराशी पोचला आणि बारकीनं पुस्तक मिटलं.

“शेवटचा फर्मा नाही, ताई.”

“मेल्यांनी नेमका तोच घालवला. सांग.”

तिनं सांगितलं. तो दारात रडतो. ती त्याला माफ करते. दोघं घरी जातात आणि सुखानं राहतात. दहा मिनिटांत आटोपलं.

माझ्या हातातला स्टीलचा ग्लास मी भिंतीवर मारला. “तिची बोटं मोडली होती त्यानं. आणि ती जाते? चरकात हात घालणारी तू, आणि तुझ्या पानांत ती जाते?”

“कुणीतरी सुखानं राहू दे की, ताई,” ती म्हणाली आणि ग्लास उचलायला गेली. ग्लासाला पोचा पडला होता. ती तो अंगठ्यानं दाबत बसली.

दुसऱ्या दिवशी पुस्तक मी शेडवर नेलं. शेवट पटला नव्हता, पण तो तिचा होता आणि त्याला पानं देणं माझं काम. पाठीवरचा कागद ओला करून सोलला. खाली जिना होता. मी पुस्तक उजेडात धरलं आणि बोटानं पायऱ्या मोजल्या. अकरा. पहिली वर, अकरावी तळाजवळ. एकही गळलेली नव्हती. वरची कड तेवढी तिरकी कापलेली होती, म्हणून बाद झालेलं पुस्तक.

मी कटिंगवाल्याला हाक मारली. त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं. दोन मशीननं नेली, ती कागदाच्या कपच्यांतून मीच शोधून काढली होती, तेव्हापासून तो माझा शब्द खाली पडू देत नाही. डबा बाजूला ठेवून त्यानं शेवटचा फर्मा वाचून दाखवला. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला.

तो माणूस रडत नाही. हसतमुखानं आत येतो, दार लावतो, पडदा ओढतो. त्या बाईला मरायला पंधरा पानं लागतात. सोळाव्यावर तो हात धुतो.

“बाई, हे जेवायच्या आधी नको होतं,” कटिंगवाला म्हणाला.

बारकीनं हे वाचलं होतं. मनात वाचलं होतं आणि तोंडानं दुसरंच सांगितलं होतं. मी पुस्तक काखोटीला मारलं आणि निघाले. पुस्तकं शिवायचं दाभण ॲप्रनच्या खिशात तसंच राहिलं. फोरमन मागून ओरडत होता. त्याला काय ओरडायचं ते ओरडू दे म्हटलं.

घराचं दार उघडं होतं. दाराशी बारकीची पिशवी भरलेली. केमिस्ट माझ्या पलंगावर बसला होता, शर्टाला एक सुरकुती नाही.

“या ताई,” तो म्हणाला. जणू मीच पाहुणी. “तुमच्या डोळ्यांसाठी ड्रॉप्स आणलेत. आणि हिच्या ओठाला मलम. निघतोच आम्ही.”

मी पुस्तक टेबलावर आपटलं. त्याच्याकडे पाहिलंच नाही. “बारके, जिना पूर्ण आहे.”

तिचं तोंड पांढरं पडलं.

“शेवटचा फर्मा होता. तू वाचलास. आणि तरी पिशवी भरलीस.”

“तुला काळजी नको म्हणून बदललं,” ती पुटपुटली. “ताई, हे म्हणाले, तुझ्या ताईला दिसत नाही. रोज एकटी रस्ता ओलांडते. गाडीखाली यायला वेळ लागत नाही.”

असं होतं तर. मला वाचवायला ती तिकडे मरायला निघाली होती. मला रडू आलं आणि त्याच क्षणी त्याचा गळा धरावासा वाटला.

“गैरसमज झालाय,” केमिस्ट म्हणाला. तो उठला. हसत हसत दाराशी गेला आणि दार लावलं. मग खिडकीशी गेला आणि पडदा ओढला. “चारचौघांना तमाशा नको.”

बारकी त्याच्या हाताकडे बघत होती. पडद्यावरून तिची नजर हलेना. त्याला बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं की तो कुठल्या पानावर आहे. आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मी त्याच्या अंगावर धावले. त्यानं टेबलावरचं पुस्तक उचललं आणि माझ्या तोंडावर मारलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला कानाच्या आतून आला. मी पडले, रक्त घशात उतरलं, आणि खिशातलं दाभण घरंगळत बारकीच्या पायाशी गेलं. त्यानं मला दोन लाथा घातल्या. घाई न करता घातल्या, गोळ्या मोजून द्याव्यात तशा.

“या पुस्तकांनी हिचं डोकं फिरवलंय,” तो म्हणाला आणि पुस्तक दोन्ही हातांनी मधून फाडायला लागला. फाटेना. शिवण माझी होती. त्यानं पुन्हा जोर केला, कपाळाची शीर फुगली. शेवटी चिडून त्यानं ते टेबलावर पालथं आपटलं, डावा हात त्यावर दाबला आणि उजव्यानं बारकीचे केस धरून तिला खाली ओढलं. तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आदळलं. एकदा, दोनदा.

तिसऱ्यांदा ती वाकली ती स्वतःहून. वर आली तेव्हा मूठ भरलेली होती. दाभण त्याच्या डाव्या हाताच्या मधोमध घुसलं, आरपार गेलं आणि पुस्तकात रुतलं. दाभणाच्या मुठीवर तिनं दोन्ही हात ठेवले आणि सगळं वजन टाकलं.

तो जे ओरडला ते माणसाचं ओरडणं वाटत नव्हतं. त्यानं केस सोडले. सुटायला हात ओढला, तसा आणखी ओरडला.

“हलू नकोस,” बारकी म्हणाली. “पान फाटेल.”

सात वर्षांत तिनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्या दुखण्यातही त्याला ते लागलं. त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू समोर दुसरीच कुणी उभी आहे. ती वाकून त्याच्या कानाशी बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “ताईला रस्त्यात नुसती ठेच लागली, तरी मी तुझ्याकडेच येईन. दुकानात येईन. गिऱ्हाइकं असताना.”

मग तिनं दाभण उपसलं. रक्त टेबलावरून तिच्या पायावर ठिबकलं. तिनं दार उघडलं, तो हात छातीशी धरून धडपडत बाहेर पडला, आणि जिन्यावर पोचतो तोच तिनं मलमाची ट्यूब त्याच्या पाठीवर फेकून मारली.

“दिवसातून दोनदा लाव,” ती म्हणाली.

दार लावून ती मोरीत गेली आणि ओकली. मी भिंतीला पाठ लावून बसले होते. ती आली, माझ्या नाकाला ओला टॉवेल धरला, आणि आम्ही दोघी इतक्या थरथरत होतो की टॉवेल कधी डोळ्यावर जायचा, कधी कानावर.

त्यानं तक्रार केली नाही. हात दुकानाच्या काचेत गेला, असं तो गिऱ्हाइकांना सांगतो म्हणे. बायकोनं दाभण घातलं हे चारचौघांत सांगायला जी छाती लागते, ती त्याच्याकडे कधीच नव्हती. वकील बघितला आहे, कागद गेले आहेत. रस्ता मी कटिंगवाल्याबरोबर ओलांडते. बारकी आता शेडमध्ये फर्मे लावते. तिच्या हातून जिना तुटत नाही.

नाकाची पट्टी निघाल्यावर मी तिला म्हटलं, तो फर्मा मला तुझ्या तोंडून ऐकायचा आहे. तिनं वाचला. पानं रक्तानं कडक झाली होती आणि आठही कागदांना मधोमध भोक होतं. भोकाशी आली की ती थांबायची आणि गेलेला शब्द आपल्या मनचा घालायची. पंधरा पानं तिनं तशी वाचली, सोळावंही वाचलं. यावेळी काहीही बदललं नाही. मी तिचा हात धरून ठेवला होता.

“हा फर्मा काढू का?” मी विचारलं. “दुसरा शिवते, कोरा.”

“काढू नकोस. राहू दे. त्याच्या मागे एक लाव.”

मी लावला. कोऱ्या फर्म्याला खूण नसते, म्हणून शाईची बाटली घेऊन तिनं स्वतः त्याच्या पाठीवर, अकराव्या पायरीच्या खाली, बारावी पायरी काढली. पानं अजून कोरीच आहेत. त्यात काय लिहिणार, असं मी दर दोन दिवसांनी विचारते.

“घाई कसली, ताई,” ती म्हणते आणि पलंगाखाली हात घालते. “अजून आठ वाचायच्यात.”