खंजिरी काढून टाका

पैसे घेऊन गाणी ऐकणाऱ्या त्या माणसाबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यानं मला फसवलं नाही. फसवायला तरी त्याच्याकडे वेळ कुठे होता? जे केलं ते मी केलं, आणि त्याचा मला अजून संताप येतो.

मी सुमंत. नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात डिस्पॅचला कारकून आहे आणि गाणी करतो. लहानू त्याच कारखान्यात मशीनवर आहे, कळमेश्वरहून कंपनीच्या बसनं येतो. तिथल्या भजनी मंडळात तो खंजिरी वाजवतो. 'दुसरी पाळी' हे गाणं आम्ही दोघांनी केलं. शब्द आणि चाल माझी, पण शब्दांच्या आधी जी त्याची खंजिरी सुरू होते, तिच्यावरच कारखान्यातली माणसं मान डोलवायची. गाणं यूट्यूबवर टाकलं. वर्षभरात चारशे वेळा ऐकलं गेलं. त्यातल्या निम्म्या वेळा आम्हीच.

मग मला तो कार्यक्रम सापडला. मुंबईचा कोणी विक्की दर रविवारी दुपारी लाइव्ह बसतो, नव्या कलाकारांची गाणी ऐकतो आणि मत देतो. फुकट पाठवलं तर नंबर लागत नाही, पैसे भरले की लागतो. दोन लाख लोक त्याला बघतात म्हणे. मी हुरळून गेलो. अर्धे पैसे लहानूनं काढून दिले, मी मागितलेही नव्हते.

वर त्यानं अख्ख्या मंडळाला घरी बोलावलं. आठ माणसं इस्त्रीचे कपडे घालून टीव्हीसमोर सतरंजीवर बसली. मंडळात कोणी कितीही बेसूर गाओ, भजन मध्ये थांबवत नाहीत. बोलायचं ते संपल्यावर. तेव्हा हा माणूस तर पैसे घेऊन ऐकतोय, म्हणजे शेवटपर्यंत ऐकणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मीसुद्धा.

विक्कीनं चाळिसाव्या सेकंदाला गाणं थांबवलं.

"भाई, ये डफली-वफली क्या है? मंदिर वाली फीलिंग आ रही है. निकालो इसको, बीट डालो. आवाज अच्छी है."

"बंद काहून केलं गा यानं?" मंडळातले सगळ्यांत मोठे ओमप्रकाशबुवा म्हणाले. "लाइन गेली का?"

लहानू माझ्याकडे बघत होता. मी मोबाइलमध्ये डोकं घालून टाइप करत होतो. आवाज चांगला आहे, एवढंच माझ्या कानात शिरलं होतं. विक्कीनं माझा मेसेज मोठ्यानं वाचला: "सुमंत लिख रहा है, थैंक यू सर, आज ही निकाल देता हूँ. गुड, सुमंत! सीखने वाला बंदा है."

आणि पुढच्याचं गाणं लागलं.

हे सगळं लहानूच्या घरात, त्याच्या टीव्हीवर, त्याच्या माणसांसमोर. अर्धे पैसे त्याचे. लहानू उठून आत गेला आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आला. मलाही दिला. निर्लज्जासारखा मी तो प्यायलो.

आठवड्याभरात मी खंजिरी काढली आणि लॅपटॉपवरची तयार बीट टाकली. लहानूला सांगितलं नाही. त्याला माहीतच आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. बसजवळ भेटला की तो "जेवला का गा?" एवढं विचारायचा. गाण्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही.

तीन महिन्यांनी तेच गाणं नव्या रूपात विक्कीला पाठवलं. पैसे पुन्हा भरले, या वेळी सगळे माझेच. खोलीचं दार लावून एकटा बसलो. त्यानं पूर्ण एक मिनिट ऐकलं. केवढी ही प्रगती!

"आवाज अच्छी है. पर ऐसा तो सब बना रहे हैं, भाई. नागपुर से हो ना? उधर का कुछ डालो. कोई देसी चीज, जो दूसरे के पास नहीं है."

आधीचं गाणं त्याला आठवतही नव्हतं. का आठवावं? एका दुपारी तो चाळीस गाणी ऐकतो. मला शिव्या लिहायच्या होत्या. लिहिलं काय, तर "थैंक यू सर." स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर लहानूला बसच्या रांगेत गाठलं.

"लहानू, 'दुसरी पाळी' पुन्हा रेकॉर्ड करू. खंजिरी पाहिजे. रविवारी येतो का?"

"काहून? त्यानं सांगितलं का?"

खोटं बोलता आलं असतं.

"हो," मी म्हणालो.

तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला. रांग पुढे सरकली, तसा तोही सरकला आणि मी त्याच्या मागे.

"त्याले तू दोनदा पैसे देऊन विचारलं, सुमंत," तो म्हणाला. "मले एकदा फुकटात विचारून पाह्यलं असतं."

बस लागली होती. तो चढला.