न छाटलेली शेपटी

“टाक रं दादूस! बघू, बोटांना अजून मासली सापडतंय का!”

कमरेभर पाण्यात उभा राहून माझा धाकटा भाऊ हरेश्वर ओरडत होता. रेवदंड्याला ओहोटीत होडी काठापर्यंत येत नाही. मग होडीतला मोठी मासळी फेकतो, पाण्यातला झेलतो आणि पाटीत टाकतो. आमच्या घरात फेकणारा मी आणि झेलणारा हरेश्वर, तो दहा वर्षांचा असल्यापासून. ओली, वळवळती मासळी त्याच्या हातून कधी निसटली नाही.

त्याच हातांनी त्याला मुंबईला नेलं. अलिबागला मुंबईच्या एका गिरणीचा क्रिकेट संघ खेळायला आला होता. हा यष्टीमागे उभा राहिला, पाच जणांना बाद केलं, वर सत्तर धावा कुटल्या. गिरणीच्या साहेबांनी मैदानावरच नोकरी दिली. दोन वर्षांत त्याचं नाव पेपरात येऊ लागलं. शाळेतले गुरुजी वाचून दाखवत, आई मान डोलवी. यष्टिरक्षक म्हणजे देवळातला कुणी मानकरी, अशी तिची समजूत होती. ती आम्ही कुणी मोडली नाही.

अठ्ठावन्न साली नारळी पौर्णिमेला तो चार दिवस घरी आला. तीन आठवड्यांनी मुंबईच्या संघासाठी निवडीचा सामना होता, आणि यष्टीमागे तोच उभा राहणार असं सगळे म्हणत होते.

दर्याला नारळ दिला, दुसऱ्या दिवशी होडी गेली. परतलो तेव्हा अर्धा कोळीवाडा त्याचे झेल बघायला काठावर जमला होता. मी घोळ फेकली, त्याने टिपली. रावस फेकला, तोही एका हाताने. काठावर नुसता कल्ला. मलाही चेव आला. झेल त्याचे असले तरी फेक माझी होती, आणि बऱ्याच दिवसांनी लोक माझ्याकडेही बघत होते.

पाकट या चपट्या माशाच्या लांब शेपटीला विषारी काटा असतो. होडीतल्याने कोयत्याने शेपटी छाटायची आणि मगच पाकट फेकायचं. झेलणाऱ्याने विचारायचं नाही, विश्वासाने हात पुढे करायचे. कोळ्याच्या पोराला हे शिकवावं लागत नाही.

त्या कल्ल्यात मी पाकट न छाटता फेकलं.

हरेश्वरने तेही झेललं. काटा उजव्या तळव्यात शिरला, तरी सोडलं नाही. पाकट पाटीत टाकलं आणि मगच तो मटकन पाण्यात बसला. लोक धावले, आई किंचाळत पाण्यात शिरली. मी तोंड उघडलं, तोच तो म्हणाला, “दादूस वरडला व्हता, थांब म्हून. माजंच ध्यान नव्हतं.”

मी उघडलेलं तोंड मिटलं.

अलिबागच्या डॉक्टरांनी काटा काढला, पण दोन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. निवडीच्या सामन्याला दुसराच कुणी उभा राहिला. दिवाळीला हरेश्वर ट्रंक घेऊन घरी आला. हातमोजे त्याने खुंटीला अडकवले, ते तिथेच कडक झाले.

आई मरेपर्यंत त्याला बोलत राहिली. “भावाचं आयकायचं व्हतं ना रं!” तो खाली मान घालून जेवायचा. मी समोर बसून जेवायचो. मी भेकड होतो, याला दुसरा शब्द नाही.

आईचे दिवस झाल्यावर होडीकडे जाताना मी म्हणालो, “हरेश, आज समद्यांना खरं सांगून टाकतो.”

“आता कुनाला सांगतंस?” तो म्हणाला. “जिला सांगाचं व्हतं ती गेली.”

त्या दिवशी जाळ्यात पाकट होतं. मी शेपटी छाटली. पुन्हा पाहिलं. मग त्याला दिसावं म्हणून ते दोन्ही हातांनी उंच धरलं, फेकायला हात होईना.

हरेश्वर पाण्यात उभा होता, डावा हात पुढे, उजवा पोटाशी. त्याने पाकटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“टाक रं दादूस,” तो म्हणाला.