शेततळ्यात शिकलेली फळी

मित्रांनो, मी एक जुनी, नऊ फूट लांब फळी आहे. समुद्राच्या लाटांवर उभे राहून जाण्यासाठी मला घडवले. लाँगबोर्ड म्हणतात मला. कोकणातल्या एका शेडमध्ये हलक्या फोमवर काचतंतूंचा थर देऊन माझा जन्म झाला. सायलीने मला विकत घेतले आणि जीपच्या टपावर बांधून छत्रपती संभाजीनगरला आणले. मुकुंदवाडीतल्या तिच्या शेजारच्या वच्छलाबाई मला पाहून म्हणाल्या, "केवढी गं ही इस्त्रीची फळी! हत्तीचे कपडे हायेत का?"

सायलीला जीवरक्षक व्हायचे होते. कोकणातल्या शिबिरात फळीवरून फुटणाऱ्या लाटा ओलांडून खोल पाण्यात तरंगणारा लाल बोया गाठायचा होता. प्रयत्न तीनच. जमले नाही, तर परत घरी.

आखूड फळी लाटेखाली दाबून नेता येते. मी बुडत नाही. म्हणून माझे नाक, म्हणजे पुढचे टोक, लाटेकडे सरळ ठेवून, दोन्ही कडा घट्ट धरून, श्वास घेऊन कासवासारखे पालथे व्हावे लागते. मी वर, सायली पाण्याखाली. लाट वरून गेली की पुन्हा सुलटे.

हे आम्ही तिच्या काकांच्या, आप्पासाहेबांच्या शेततळ्यात शिकलो. सायलीच्या कमरेला दोर असे. काका काठावरून ट्रॅक्टरची ट्यूब पाण्यात आपटत आणि ओरडत, "आली गं, पलट!"

"पलटले की, काका."

"एवढ्यात लाट चहा पिऊन गेली असती. पुन्हा कर."

महिनाभरात आम्ही तरबेज झालो. पण शिबिरात पहिल्या दोन्ही प्रयत्नांत समुद्राने आम्हाला वाळूवर आणून टाकले. मला कारण कळत होते. लाट डोळ्यांसमोर फुटायची आणि सायलीचे हात हाकेसाठी थांबायचे. सोबत आलेले काका किनाऱ्यावरून ओरडत होते, पण लाटांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हते.

शेवटी काका जवळ आले. "माझ्या हाकेनंच घोळ केला, पोरी. आता म्या तोंड उघडत नाय. तू पाण्याकडं बघ."

सायली वाळूवर बसून लाटा मोजू लागली. पाच-सहा लाटा पाठोपाठ येत, मग पाणी थोडे निवळे. ती संधी साधून आम्ही पाण्यात शिरलो. लहान फेस आला तेव्हा तिने हातांवर अंग उचलले. फेस आमच्या दोघींमधून निघून गेला. मग मोठी लाट उभी राहिली. या वेळी सायली हाकेसाठी थांबली नाही. माझ्या कडांवर तिची बोटे रुतली आणि आम्ही उलटलो. डोक्यावरून मोठी गडगड गेली. सुलट्या झालो, तर पुढे शांत पाणी आणि लाल बोया.

किनाऱ्यावर काका दोन्ही हातांनी तोंड दाबून उभे होते.

मित्रांनो, सायली आता इतरांना शिकवते. तिच्याकडे नव्या फळ्या आहेत. मी गच्चीवर उन्हाने पिवळी पडले आहे, एका कडेला भेगही गेली आहे. माझी तक्रार नाही. एवढेच सांगते, आमच्यापैकी कोणी तुमच्याकडे आली, तर तिला सावलीत ठेवा, भेग वेळेवर बुजवा. आणि लाटेखाली ज्या कडा जिवाच्या आकांताने धरता, त्या बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने हळूच धुवा.