हेरंबचं गाऱ्हाणं

कालिंदीने हेरंबच्या पाठीमागे जाऊन पितळेचं ताट फरशीवर सोडून दिलं. असा दणका उडाला की खाली कुत्रं भुंकलं आणि शेजारच्या खोलीतून काय पडलं म्हणून विचारणा झाली. साडेतीन वर्षांच्या हेरंबने वळून आधी ताटाकडे पाहिलं, मग आईकडे. ताट उचललं, तिच्या हातात दिलं. बोलला मात्र काही नाही.

म्हणजे कान शाबूत होते. मग जीभ कुठे गेली?

गेली होती कालिंदीच्याच हुकमाने, पण हे तिला कोण सांगणार. कालिंदी गिरगावातली, बी. ए. झालेली, लग्न होऊन लालबागच्या चाळीत आलेली. त्या साली मुंबई महाराष्ट्रालाच मिळावी म्हणून आज मोर्चा तर उद्या हरताळ. गल्लीतला बालवर्ग बंद पडला, तेव्हा तिने शाळा घरीच भरवायचं ठरवलं. कॉलेजात कुठेसं वाचलं होतं की लहान मुलाच्या कानावर एकच भाषा पडावी, आणि तीही निवडून पाखडून. इथे तर घरात मालवणी, गॅलरीत हिंदी आणि नळावर नुसत्या शिव्या. तिने दार लोटून घेतलं आणि चित्रं मांडली. "हा घोडा आहे. हा काय आहे?" हेरंब घोड्याकडे बघे, घोडा हेरंबकडे बघे. पूर्वी दिवसभर टकळी चालवणारं पोर आता पाणी हवं तरी माठाकडे बोट दाखवायचं.

सासूबाईंनाही, जाईबाईंना, तिने हात जोडून सांगितलं होतं की त्याच्याशी बोलायचं तर शुद्ध बोला. जाईबाईंनी खटपट केली. पण "बाळा, तू जेवणार आहेस का" एवढं म्हणेपर्यंत कोर्टात साक्ष द्यायला उभं केल्यासारखा त्यांना घाम फुटायचा. शेवटी त्यांनी नातवाशी बोलणंच सोडून दिलं.

तोंड मिटून बसणारी बाई मात्र ती नव्हे. नातवाशी मालवणी बोलायला बंदी होती, देवाशी बोलायला कुठे होती? दिवेलागणीला हेरंबला मांडीवर घेऊन त्या गावच्या रवळनाथाच्या नावाने मांडलेल्या नारळापुढे बसत आणि दिवसभराचं सगळं गाऱ्हाण्याच्या सुरात, 'रे म्हाराजा' म्हणत, देवाच्या कानावर घालत. रेशनचे तांदूळ किडके निघाले, लेकाचा घसा धरला, गावाकडचे काजू यंदा भावकीने ओरबाडले असणार. कालिंदी स्टोव्हपाशी ओठ चावत ऐकत राही. एकदा तिने नुसतं वळून पाहिलं तर जाईबाई शांतपणे म्हणाल्या, "मी पोराकडे खंय बोलतंय? देवाकडे बोलतंय. देव आमचो तळकोकणातलो, तेका तुझा कळाचा नाय."

नवरा रमाकांत गिरणीतून सुटला की थेट सभेला जायचा. घोषणा देऊन देऊन त्याचा आवाज असा बसला होता की तो चहासुद्धा खुणेने मागायचा. पोर मुकं तर होणार नाही ना, असं तिने रडवेली होऊन विचारलं, तेव्हा त्याने हात हलवून काहीतरी धीर दिला. काय दिला ते तिला कळलं नाही. सगळी मुंबई मराठीसाठी कंठशोष करत होती, आणि तिच्या पोराच्या तोंडून मराठीचा एक शब्द फुटत नव्हता. सोमवारी परळच्या डॉक्टरांकडे न्यायचं, तिने ठरवून टाकलं.

रविवारी मोठा मोर्चा होता. त्या मजल्यावरची बिऱ्हाडं बहुतेक एकाच गावची. बाहेर मोठ्या कामाला निघायचं तर आधी गॅलरीत नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं, ही रीत. एकाने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याशिवाय कोणी जिना उतरायचा नाही. आणि सगळ्यांचा होकार पडल्याशिवाय नारळ फुटायचा नाही.

गाऱ्हाणं घालायचा मान म्हाताऱ्या बाबुरावांचा. त्यांनी हात जोडले, तोंड उघडलं, आणि आतून नुसता वारा आला. आठवडाभराच्या घोषणांनी त्यांचाही घसा खलास. त्यांनी रमाकांतकडे पाहिलं, त्याने गळ्याला हात लावला. एकेक पुरुष बघून झाला, सगळ्यांची तीच कथा. जाईबाईंना येत होतं, पण बाईमाणसाने घालायची रीत नाही. खाली चौकात माणसं जमायला लागली होती.

तेवढ्यात जाईबाईंच्या कडेवरून हेरंब खाली घसरला. नारळापुढे जाऊन उभा राहिला, हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, आज हो नारळ तुझ्या फुडे ठेवलो आसा, रे म्हाराजा."

सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग बसक्या घशांतून घोगरं उत्तर आलं, "व्हय म्हाराजा."

"बाबुरावकाकांचो आवाज बसलो, तो तेंका परत दी, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"बाबा मोर्चाक जातत, तेंका सांभाळून परत घराक हाड, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

कालिंदी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच उमजेना. पोराचा श्वास संपला असेल असं वाटलं, तर त्याने नवा घेतला.

"आई माका रोज घोडो दाखयता. घोडो माका ठाऊक आसा, ह्या तिका सांग, रे म्हाराजा."

या वेळी उत्तराबरोबर दोन-चार जणांना खोकला आला.

"आणि आजयेक माझ्याकडे बोलूक दी, रे म्हाराजा."

 जाईबाई पदराचं टोक चोळत खाली बघत होत्या. दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीत बाकीच्यांनी होकार कसा भरायचा? बाबुराव नारळ हातात घेऊन थांबले आणि एकेक करून सगळी गॅलरी कालिंदीकडे बघायला लागली. हेरंबने मात्र मान वळवली नाही. तो हात जोडून देवाच्या उत्तराची वाट बघत होता.

कालिंदीने डोक्यावर पदर घेतला.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. त्या मजल्यावरच्या त्या दिवसाच्या सगळ्या होकारांत तेवढाच एक खणखणीत होता.

मागोमाग गॅलरी दुमदुमली, जमेल तशी. नारळ फुटला आणि माणसं धडाधड जिना उतरली. जाईबाईंनी खोबऱ्याचा तुकडा उचलून नातवापुढे धरला. एकदा सुनेकडे पाहिलं आणि मग सरळ त्यालाच विचारलं, "खातलंस?"

"खातलंय," हेरंब म्हणाला. "आईक पण दी."