तुंब्यातला सरडा

मुकीबीच्या पाठीवर काठी मोडली, तेव्हा मारणाऱ्याने शांतपणे दुसरी मागून घेतली. फणसाला बांधलेला मुकीबी आता ओरडतही नव्हता. एक डोळा सुजून मिटला होता, तोंडातून रक्त गळत होतं. “आणखी हाणा,” म्हणणाऱ्या बायका काही परक्या नव्हत्या. त्याला लहानपणी कडेवर खेळवणाऱ्याच होत्या. माणसाचं डोकं फिरलं की ओळखपाळख कसली!

गर्दीत घुसून झवेद्दे थेट भावाच्या अंगावर आडवी पडली. एक फटका तिच्याही खांद्यावर बसला.

“बाजूला हो, मुली,” म्हातारे कासुले स्टुलावरून म्हणाले. “माझा पोरगा गेलाय.”

त्यांचा सेबुन्या काल केळ्याची दारू प्यायला आणि पोट धरून, फेस ओकत, तडफडून मेला. दारूच्या तुंब्यात मेलेला सरडा निघाला. बांधावरून मुकीबीशी त्याचं हाडवैर होतं हे साऱ्या गावाला ठाऊक, आणि निळ्या डोक्याचा झाडसरडा विषारी असतो हेही साऱ्या गावाला ठाऊक. मग पुरावा आणखी कसला हवा?

तुंबा आणि केळीच्या पानावरचा तो सरडा कासुलेंच्या पायाशीच होता. सरड्याचं डोकं मात्र मातकट दिसत होतं. कुणी म्हणे ही जातच वेगळी, कुणी म्हणे मुकीबीने करणी करून रंग पळवला. झवेद्देचा सगळा जन्म कंपालाच्या विद्यापीठात सरड्यांच्या जाती ओळखण्यात गेलेला. शहरात जाऊन शिकली काय, तर सरडे, म्हणून गाव तिला हसायचं. आज त्याच विद्येवर भावाचा जीव टांगलेला होता.

गुडघ्यांवर बसून तिने सरडा उलटसुलट केला. कानामागचे काटेरी खवले चाचपले, खांद्याजवळचा काळा डाग बोटाने पुसून पाहिला.

“कासुलेबाबा, हा आपला रोजचाच झाडसरडा. मेला की याचा निळा रंग उतरतो. विष नसतं याला. ना दातांत, ना अंगात.”

भावासाठी बहीण दुसरं काय सांगणार, असं म्हणून कुणीतरी थुंकलं. झवेद्दे उठली. फणसाच्या खोडावर एक निळं डोकं हलत होतं. तिने झडप घालून तो सरडा पकडला आणि त्याच्या जबड्यात स्वतःचं बोट दिलं. सरड्याने ते असं आवळलं की रक्ताची धार लागली. एका पोराला राहवलं नाही. त्याने सरडा ओढून काढला, खोडावर आपटला, वर टाचेने चिरडला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते डोकं हळूहळू मातकट झालं. काठ्या जराशा खाली आल्या.

कासुलेंनी तिच्या बोटाकडे पाहिलं.

“चावला ते चावला. माझ्या पोराने दारू प्यायली होती.” त्यांनी तुंबा पायाने पुढे सरकवला. “हातच्या कांकणाला आरसा कशाला? घोटभर पी. तुला काही झालं नाही, तर मी माझ्या हाताने याचा दोर सोडतो.”

झवेद्देला हायसं वाटलं. सरडा ती ओळखत होती, आणि पाठीला बांधून वाढवलेला भाऊही. तिने दोन्ही हातांनी तुंबा उचलला. आंबूस वास आला. काठ ओठांना लागला.

“ताई, पिऊ नकोस.”

सकाळपासून एवढा मार खाऊनही मुकीबी एक शब्द बोलला नव्हता. तिने वळून पाहिलं. त्याचा उघडा डोळा तुंब्यावर खिळला होता.

“नको गं, ताई,” म्हणत तो लहान पोरासारखा रडायला लागला.

कासुले उठले. तिच्या हातातून तुंबा त्यांनी थेंबही न सांडता काढून घेतला आणि खाली ठेवला. आपल्या अंगरख्याच्या टोकाने तिचं रक्ताळलेलं बोट पुसलं. मग उरलेल्या दोन मुलांकडे वळून म्हणाले,

“हिला आधी घरी पोचवून या.”