बर्फातला आजारी माणूस

नागावला मैनाताईंकडे उतरलेला एक पाहुणा जाताना कादंबरी विसरला. ध्रुवाजवळच्या बर्फात जहाज अडकतं आणि खलाशी जगायची धडपड करतात, अशी ती गोष्ट. भर मे महिन्यात ताईंनी ती पंखा बंद करून वाचली. नवरा चांगदेव जेवायला मागू लागला, तर म्हणाल्या, "जरा दम धरा. तिकडं मान्सं चामड्याचे पट्टे उकळून खातायत."

पुस्तक संपलं, पण त्यावर बोलायला कुणीच नव्हतं. मग ताईंनी पहिल्या पानावर लिहिलं, 'वाचून मला फोन करा, मग अनोळखी माणसाला द्या.' खाली नंबर टाकला आणि पुस्तक निघालेल्या पाहुण्यांच्या हाती ठेवलं.

दिवाळीच्या सुमारास मुरूडहून अख्तरुन्निसा नावाच्या बाईंचा फोन आला.

"कप्तानानं त्या आजारी माणसाला मागं सोडलं, हे बरं नाही केलं."

"सोडलं नसतं तर सगळेच मेले असते," ताई म्हणाल्या.

तासभर वाद झाला, तरी मिटेना. शेवटी रविवारी अख्तरुन्निसाबाई एसटीने नागावलाच आल्या आणि ओटीवर पुन्हा जुंपली. चहा घेऊन आलेल्या चांगदेवांनी काळजीने विचारलं, "आजारी मानूस कोनाच्या घरचा हाय?"

"आमच्या," दोघी एकदम म्हणाल्या.